लगाई, खाई, सेशन, लंबी: क्रिकेट सट्ट्याची बोली कशी वाचायची?

आयपीएल सुरू झाली की लातूर-परभणीच्या पानटपऱ्यांवर आकड्यांची एक वेगळीच बोली ऐकू येते. "चाळीस-बेचाळीस चाललाय." "सेशनला यस घे." "त्यानं दोन पेटी खाल्ली." शेजारी चहा पीत उभ्या असलेल्या माणसाला क्रिकेट कळतं, मराठीही कळतं, पण यातलं काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात सट्टा घेणाऱ्या दोघांना पकडल्याची बातमी येते. मोबाईल किती, रोकड किती, ते सगळं त्यात असतं. तो धंदा नेमका चालतो कसा, एवढंच नसतं.

पैज कशी लावायची हे इथे सांगायचं नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ आता देशभर कायद्यानं बंद आहेत, त्याबद्दल पुढे येईलच. पण हे शब्द होस्टेलच्या खोल्यांत, वर्गांत आणि घरांत पोचलेत. खेळणाऱ्या बहुतेक पोरांना ते पाठही असतात. त्यामागचं गणित मात्र फार थोड्यांना येतं, आणि सगळा पैसा त्या गणितातच आहे. म्हणून इथे प्रत्येक शब्दापाशी थांबून एकच गोष्ट बघायची: यात बुकीचा वाटा कुठे लपलाय?

भाव

'भारत चाळीस-बेचाळीस' यातला भारत हा त्या घडीला जिंकण्याची जास्त शक्यता असलेला संघ, म्हणजे फेव्हरिट. भाव नेहमी त्याचाच सांगतात. आकडे पैशांत असतात, म्हणजे रुपयामागे चाळीस पैसे आणि बेचाळीस पैसे.

पहिला आकडा लगाईचा. तुम्ही भारतावर १०० रुपये लावले आणि भारत जिंकला तर ४० रुपये सुटतात. हरला तर पूर्ण १०० जातात. दुसरा आकडा खाईचा. 'भारत खाल्ला' म्हणजे भारताच्या विरोधात गेलात. भारत हरला तर तुम्हाला १०० मिळतात, जिंकला तर तुम्ही ४२ द्यायचे. बुकीनं लगाईवाल्याला ४० द्यायचे आणि खाईवाल्याकडून ४२ घ्यायचे. मधले दोन पैसे बुकीचे.

२००० साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या बेटफेअर या एक्स्चेंजवरही, म्हणजे लोक एकमेकांविरुद्ध पैज लावतात अशा ऑनलाईन बाजारावरही, हीच रचना आहे. तिथे लगाईला बॅक आणि खाईला ले म्हणतात, बॅकचा रकाना निळा आणि लेचा गुलाबी. आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या बेकायदा ॲपांनी हे रंग तसेच्या तसे उचललेत. पोराच्या मोबाईलवर निळे-गुलाबी चौकोन आणि त्यात सतत बदलणारे आकडे दिसले, तर तो धावफलक नव्हे हे ओळखावं.

मोठ्या रकमांना टोपणनावं आहेत. पेटी म्हणजे एक लाख, खोका म्हणजे एक कोटी. लावणारा तो पंटर, घेणारा तो बुकी. तालुक्याच्या गावातला छोटा बुकी सगळी जोखीम स्वतःकडे ठेवत नाही. एका बाजूला फार पैसा आला तर त्यातला काही तो वरच्या बुकीकडे उतरवतो. याला कटिंग म्हणतात. म्हणजे बुकी भारताच्या बाजूनं असतो की विरोधात, हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्हीकडचा पैसा सारखा राहावा आणि मधला फरक आपल्याला सुटावा, एवढीच त्याची इच्छा. भाव हलतो तोही बऱ्याचदा त्यासाठीच. एका बाजूला गर्दी झाली की तो भाव कमी करून दुसरी बाजू आकर्षक करतो.

एकच भाव, तीन लिप्या

ॲपवर हाच भाव १.४० असा दिसतो. हा दशांश भाव. १०० लावले तर मूळ रकमेसह १४० परत. इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण पैशांतल्या भावात फक्त नफा सांगतात आणि दशांश भावात मुद्दलही धरतात. चाळीस पैसे म्हणजे १.४०, नव्वद पैसे म्हणजे १.९०.

इंग्लंडची जुनी पद्धत अपूर्णांकाची. तिची सगळ्यात गाजलेली गोष्ट क्रिकेटचीच आहे. जुलै १९८१, हेडिंग्लीची कसोटी. इंग्लंडवर फॉलोऑन आलेला, आणि त्यांच्या विजयाचा भाव मैदानावर ५००-१ लागलेला. म्हणजे एक पौंड लावा, जिंकलात तर पाचशे घ्या. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीनं दहा पौंड आणि रॉडनी मार्शनं पाच पौंड लावले, तेही स्वतःच्या संघाविरुद्ध. बोथमनं नाबाद १४९ केल्या, विलिसनं ४३ धावांत ८ बळी घेतले आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. लिलीला पाच हजार पौंड मिळाले, मार्शला अडीच हजार. दोघांनी मुद्दाम वाईट खेळ केला असा आरोप कुणी सिद्ध केला नाही. पण आज हेच केलं तर आयसीसीच्या नियमांखाली बंदी येईल, कारण खेळाडूला क्रिकेटवर कुठेही पैज लावायची मनाई आहे.

अमेरिकन पद्धतीत आकड्याआधी चिन्ह असतं. उणे १५० म्हणजे १०० कमवायला १५० लावा, अधिक २०० म्हणजे १०० लावून २०० कमवा. आपल्याकडे ती फारशी दिसत नाही.

भावातून शक्यता कशी काढायची

आता मुख्य मुद्दा. दशांश भावानं १०० ला भागलं की त्या भावात धरलेली शक्यता निघते. १.४० असेल तर १०० भागिले १.४०, म्हणजे साधारण ७१ टक्के. हेडिंग्लीचा ५००-१ म्हणजे ०.२ टक्के.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण नाणेफेकीचं. कुणीही काहीही सांगो, छापा किंवा काटा यांची शक्यता पन्नास-पन्नासच. मग दोन्ही संघांच्या टॉसचा खरा भाव २.०० हवा. समजा बुकी दोन्हीकडे १.९० देतोय. १०० भागिले १.९० म्हणजे ५२.६ टक्के. दोन्ही बाजूंची बेरीज १०५.२. आता शक्यतांची बेरीज शंभराच्या वर कशी जाईल? ते वरचे पाच म्हणजे बुकीचा वाटा. इंग्रजीत त्याला मार्जिन, ओव्हरराऊंड किंवा व्हिग अशी नावं आहेत. नाव कुठलंही असो, शंभर रुपये लावले की सरासरी पाच रुपये गेले, हे आधीच ठरलेलं असतं.

मोंढ्यात सोयाबीन घातलं की पट्टीवर हमाली, तोलाई वेगळी लिहून येते. शेतकरी त्यावरून भांडू शकतो, आणि भांडतोही. सट्ट्यात पट्टीच नसते. कपात भावातच मिसळलेली असते, त्यामुळे जिंकणाऱ्यालाही आपल्याकडून काही घेतलंय हे कळत नाही. टॉस जिंकून ९० रुपये हातात आले की माणूस खूश होतो. त्याला खरे १०० मिळायला हवे होते, दहा रुपये जिंकतानाच गेले, हे कुणी सांगत नाही.

पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. २०२५ च्या आयपीएलमध्ये ७४ सामने होते. प्रत्येक सामन्याला २,००० रुपये लावणाऱ्याची उलाढाल १,४८,००० रुपये होते. त्याचे पाच टक्के म्हणजे ७,४००. हा सरासरी तोटा. कुणी त्याहून जास्त हरेल, कुणी चक्क जिंकेलही, आणि त्या जिंकलेल्या एकाचीच गोष्ट गावभर फिरेल. कापला जाणारा वाटा खिशात किती होते यावर मोजला जात नाही, तर एकूण किती फिरवले यावर मोजला जातो. म्हणून ॲपला तुम्ही एकदाच मोठी रक्कम लावण्यापेक्षा दिवसभर छोट्या-छोट्या पैजा लावलेल्या जास्त आवडतात.

सेशन आणि लंबी

सामना कोण जिंकणार यावर साडेतीन तासांत एकच निकाल लागतो. बुकीला एवढ्यानं भागत नाही. म्हणून सेशन. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, दहा षटकांत किती, यावर पैज. संपूर्ण डावाच्या धावांवर असेल तर तिला लंबी म्हणतात. ॲपवर या सगळ्या प्रकाराला फॅन्सी असं गोड नाव आहे.

भाव असा येतो: 'सहा ओव्हर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस.' सत्तेचाळीसला नो, अठ्ठेचाळीसला यस. यस घेतलेल्याला ४८ किंवा जास्त धावा हव्यात. नो घेतलेल्याला ४७ पेक्षा कमी, म्हणजे ४६ पर्यंत. मग बरोबर ४७ झाल्या तर? दोघेही हरले. यसवाल्याला एक धाव कमी पडली, नोवाल्याला एक जास्त झाली आणि दोघांचे पैसे बुकीकडे. आकड्यांमधली ती एक धाव दिसायला निष्पाप असते. भाव शंभराला शंभर सांगितला जातो, म्हणून सेशनमध्ये कपात नाही असं पोरं छातीठोकपणे सांगतात. कपात त्या एका धावेत आहे. फटकेबाजी चालू असताना हे अंतर दोन-तीन धावांचंही ठेवतात.

परदेशी पद्धतीत हेच ओव्हर-अंडर या नावानं येतं आणि आकडा १६५.५ असा असतो. अर्धी धाव कुणी काढत नाही, पण त्यामुळे निकाल या किंवा त्या बाजूला लागतोच. आकडा पूर्ण असेल आणि नेमका तोच आला तर मूळ पैसे परत मिळतात, त्याला पुश म्हणतात. हँडिकॅपही त्याच घराण्यातला. कबड्डीत एक संघ फारच तगडा असेल तर त्याच्या नावापुढे उणे ५.५ लिहितात. म्हणजे त्यानं सहा किंवा जास्त गुणांनी जिंकायला हवं, नुसतं जिंकून भागत नाही.

फिक्सिंगचा संबंध इथे येतो. अकरा जणांचा संघ हरवायचा तर बऱ्याच जणांना हाताशी धरावं लागतं, पण एक ठरावीक चेंडू नो-बॉल टाकायला एकच माणूस पुरतो. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या मोहम्मद आमिर आणि मोहम्मद आसिफ यांनी ठरवून नो-बॉल टाकले. कर्णधार सलमान बटसह तिघांनाही २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयानं तुरुंगात पाठवलं. पाकिस्तान सामना हरावा म्हणून ते नो-बॉल नव्हते. त्याआधी २००० साली दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएचं फिक्सिंगचं प्रकरण दिल्ली पोलिसांनी उघड केलं. आपल्या पिढीनं क्रिकेटकडे संशयानं बघायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

चालू सामन्यातली पैज

इन-प्ले किंवा लाइव्ह म्हणजे चेंडूगणिक बदलणारा भाव. इथे टीव्ही बघणारा माणूस मुळातच मागे असतो. मैदानावर चेंडू पडल्यापासून चित्र घरी पोचेपर्यंत काही सेकंद जातात, मोबाईलवरच्या प्रक्षेपणात तर आणखी. मैदानातून थेट फोनवर माहिती मिळणाऱ्याला विकेट पडलेली आधी कळते. तुम्ही ज्या चेंडूवर पैज लावताय तो टाकून झालेला असतो. बुक्यांच्या बोलीत या वेगवान माहितीला आणि भावाला लाईन म्हणतात.

कॅश-आउट म्हणजे सामना संपण्याआधी पैजेतून बाहेर पडणं. ॲप सांगतं, तुम्ही जिंकत आला आहात, आता इतके घ्या आणि सुटा. वाटतं की ही सवलत आहे. प्रत्यक्षात ही दुसरी पैज असते आणि तिच्यातही वाटा कापला जातो. आधी भारत लावला, भाव पडल्यावर भारत खाल्ला आणि कुणीही जिंकलं तरी थोडं सुटेल अशी व्यवस्था केली, तर त्याला दोन्हीकडे प्लस करणं म्हणतात. कागदावर ते सुरेख दिसतं. पण आधी भाव तुमच्या बाजूनं हलावा लागतो, आणि तो न हलल्याच्या रात्री मोजायच्या कुणी?

मल्टी, म्हणजे चार सामने एकत्र

अ‍ॅक्युम्युलेटर, पार्ले, मल्टी ही सगळी एकाच गोष्टीची नावं. चार पैजा एका साखळीत. चारही जिंकल्या तरच पैसे, एक चुकली की सगळं गेलं. शंभर रुपये लावून तेराशे मिळतात असं दिसतं, म्हणून कॉलेजच्या पोरांचा हा लाडका प्रकार.

चार टॉस घ्या, प्रत्येकी १.९० भावानं. १.९० चार वेळा गुणला की १३.०३ येतं. चारही टॉस बरोबर येण्याची शक्यता मात्र सोळात एक, म्हणजे खरा भाव १६ हवा. एका पैजेत शंभरातले पाच जात होते, साखळीत साडेअठरा जातात. वाटेही एकमेकांत गुणले जातात, हे त्या झगमगीत आकड्याखाली दिसत नाही. माझ्या मते या सगळ्या बोलीतला सर्वात महाग शब्द हाच.

डबल करत जाण्याचा नाद

'हरलास तर पुढच्याला डबल लाव, एकदा जिंकलास की सगळं वसूल.' या जुन्या युक्तीला मार्टिंगेल म्हणतात. १००, २००, ४००, ८०० असं लावत चार वेळा हरलात, तर १,५०० गेले. पाचव्यांदा १,६०० लावले आणि जिंकलात. १.९० च्या भावानं नफा १,४४०. म्हणजे जिंकूनही ६० रुपयांनी तोट्यातच. युक्ती सांगणारा खरा भाव दोन धरून चालतो, आणि दोन तर कुणीच देत नाही. सात वेळा सलग हरलात तर १२,७०० गेलेले असतात आणि पुढचा डाव १२,८०० चा. एवढे पैसे कुणाकडून तरी उसने घ्यावे लागतात, आणि कर्जाची सुरुवात बहुधा इथूनच होते.

तिच्या जोडीला एक समजूत असते: इतक्यांदा हरलो, आता तर येणारच. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या फिरत्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. आता लाल येणारच म्हणून लोक रकमा वाढवत गेले आणि बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नसतं. टॉसच्या नाण्यालाही नाही.

घोडे आणि टोट

आपल्याकडे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, पण रेसकोर्स म्हटलं की मुंबईचं महालक्ष्मी नाहीतर पुणं. तिथे बुकीशिवाय टोट असतो. सगळ्यांचे पैसे एका राशीत जमा होतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा जातो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांवर वाटली जाते. समजा राशीत एक लाख आले, वीस हजार कापले आणि जिंकलेल्या घोड्यावर दहा रुपयांची चार हजार तिकिटं होती. ऐंशी हजार भागिले चार हजार, म्हणजे तिकिटामागे वीस रुपये. भाव आधी ठरत नाही, लोकांनी कुठे किती लावले त्यावरून शेवटी निघतो. विन म्हणजे पहिला, प्लेस म्हणजे पहिल्या काहींत. तानाला म्हणजे पहिले तीन घोडे क्रमानं ओळखणं.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, म्हणून ती परवानगीनं चालते. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर लागतो तो वेगळाच, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

कायदा

राज्यातला जुगारबंदीचा मूळ कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्याचा. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. क्रिकेटचा सट्टा घेताना पकडलेल्यांवर आजही याच कायद्याखाली गुन्हे दाखल होतात. त्याच्या जोडीला आता केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आलाय, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेला. पैसे लावून खेळायचा ऑनलाईन खेळ, मग तो कौशल्याचा म्हणा की नशिबाचा, त्यात बंद झाला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ड्रीम११ या फँटसी क्रिकेटच्या कंपनीनं पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नाव गेलं, ते याच कायद्यामुळे. नुसतं खेळणाऱ्याला या केंद्रीय कायद्यात शिक्षा नाही.

एक जुना कायदा मात्र खेळणाऱ्यानं वाचायलाच हवा. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० म्हणतं की पैजेचा करार रद्दबातल असतो. म्हणजे जिंकलेले पाच लाख बुकीनं दिले नाहीत तर कोर्टात जाता येत नाही. उलट, हरलेली रक्कम वसूल करायला बुकीलाही कोर्टाची वाट बंद. तो मग दारात येतो, शेतीचा सातबारा मागतो, नातेवाइकांना फोन करतो. पैजेपोटी सही करून दिलेला कोरा चेक किंवा जमिनीचा कागद कुणाकडे असेल तर घाबरून पुढचे पैसे देण्याआधी वकिलाला भेटावं.

आयडी

आज तालुक्याच्या ठिकाणी सट्टा चालतो तो आयडीवर. एजंट व्हॉट्सॲपवर युजरनेम आणि पासवर्ड देतो, तुम्ही यूपीआयनं पैसे पाठवता आणि त्या बदल्यात ॲपवर पॉइंट चढतात. ज्या खात्यावर पैसे पाठवले ते बुकीच्या नावावर कधीच नसतं. ते असतं एखाद्या विद्यार्थ्याच्या, ऊसतोड मजुराच्या किंवा टपरीवाल्याच्या नावावर. महिन्याला चार-पाच हजार देऊन पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेतलेलं असतं. पोलीस अशा खात्याला म्यूल अकाउंट म्हणतात.

घरातल्या पोरानं सट्टा लावलाय का, याची चौकशी सगळे करतात. त्यानं खातं भाड्यानं दिलंय का, हे फार कमी जण विचारतात. दुसरं जास्त जड जातं, कारण चौकशी खातेदाराच्या नावानं होते. त्या खात्यातून फिरलेल्या लाखोंच्या रकमेचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो, आणि खातं गोठलं की शिष्यवृत्ती किंवा पीकविम्याचे पैसेही त्यातच अडकतात. असं खातं दिलं गेलं असेल तर आधी बँकेत लेखी कळवून ते बंद करावं, सिम ब्लॉक करावं आणि सायबर पोलिसांत स्वतः जाऊन सांगावं. फसवणूक झाली असेल तर १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार घेतात. कर्जानं किंवा नादानं जीव घुसमटला असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या फोनवर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.